पहिलं पथनाट्य बसवताय? मग एवढं सांभाळा

हुंड्यावर पथनाट्य करायचं ठरवलंत, फार छान! जरूर करा. सुरुवातीला बहुतेक गट एकाच नाटकात हुंडा, व्यसन, प्रदूषण असं सगळं कोंबतात. एकच विषय धरा आणि त्यातलाही एकच प्रश्न. उदाहरणार्थ, १९६१ च्या कायद्यानं हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे. तरी 'आम्ही काही मागितलं नाही, त्यांनी हौसेनं दिलं' हे वाक्य प्रत्येक लग्नात ऐकू येतं. ते वाक्यच तुमचं नाटक आहे.

संहिता लिहिण्याआधी घरी आई, मावशी, आजीशी बोला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर या शाहिरांचं 'लाल बावटा' हे कम्युनिस्ट चळवळीतलं कलापथक कामगारांना भिडलं ते त्यांच्याच बोलीत बोलल्यामुळे. त्यामुळे भाषणी मराठी नको.

आणखी काही गोष्टी:
- पंधरा मिनिटांत संपवा. रस्त्यावरची माणसं उभी असतात.
- गोलात उभे राहा आणि सतत फिरत बोला, म्हणजे कुणालाच कायम पाठ दिसणार नाही. हलगी वाजताना संवाद नको.
- रडणारी सून आणि दुष्ट सासू टाळा. बघणाऱ्याला वाटतं, आपण तसे नाही!
- चौकात करणार असाल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या.

प्रयोग संपला की लगेच पांगू नका. लोकांशी बोला, त्यांचा विरोधही ऐकून घ्या. मग गटातले सगळे बसून प्रत्येकानं वहीत लिहा: माझ्या घरात हे कुठं घडतं? हा भाग बरेच गट गाळतात, आणि माझ्या मते कामाचा खरा अर्धा भाग तोच आहे.

मुखवटे, गाणी पुढच्या प्रयोगाला बघू. आधी तालमी सुरू करा.