जुना पीसी, दोन विंडोज: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून नेहमी येणारे सुरक्षा अपडेट, संपला. तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे: जुन्या मशीनवर जुनी विंडोज ठेवून शेजारी दुसरी टाकता येईल का? त्यातले काही प्रश्न आज घेतो.

२०१२ चा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज ७ आणि १० दोन्ही ठेवल्या तर पीसी स्लो होईल का?

नाही. एका वेळी एकच विंडोज चालते, दुसरी फक्त जागा अडवते. आत्ताच स्लो वाटत असेल तर एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) बसवा.

विंडोज १० होती, नंतर दुसऱ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या आखलेल्या भागावर) ७ टाकली. आता थेट ७ च उघडते. १० गेली का?

बहुधा नाही. ७ ने आपला जुना बूट मॅनेजर (पीसी सुरू होताना विंडोज उघडणारा प्रोग्राम) बसवला आणि त्याला १० उघडता येत नाही. म्हणून जुनी आधी, नवी नंतर, हा क्रम कधी मोडायचा नसतो. विंडोज १० च्या पेनड्राइव्हवरून पीसी सुरू (बूट) करून स्टार्टअप रिपेअर चालवा. तरीही जमलं नाही तर जाणकाराकडे न्या. मात्र जो आल्या आल्या ‘फॉरमॅट मारू’ म्हणतो, त्याच्या हाती मशीन देऊ नका.

सी ड्राइव्हवर ९० जीबी मोकळी आहे, पण नव्या पार्टिशनसाठी सी लहान (श्रिंक) करताना ८ जीबीच मिळते.

पेजफाइल आणि हायबरनेशनसारख्या विंडोजच्या स्वतःच्या, न हलणाऱ्या फाइली मध्येच बसलेल्या असतात, त्यांच्यापुढची जागाच सुटते. बॅकअप घेतल्याशिवाय त्या हलवण्याच्या भानगडीत पडू नका.

माझं डीटीपीचं (छपाईची पानं लावण्याचं) काम आहे. त्यासाठीचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी विंडोज ७ वर आणि सगळा जुना डेटा डी ड्राइव्हवर. दुकानदार म्हणतो, ‘डेटाला धक्का न लावता अर्ध्या तासात पार्टिशन पाडून १० टाकतो, बॅकअप नको.’ टाकू का?

अजिबात नको. ‘डेटा डी वर आहे, म्हणजे सेफ आहे’ हे मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. डी ही बहुतेक वेळा वेगळी डिस्क नसते. एकाच डिस्कवर आखलेल्या रेघेच्या पलीकडचा तो भाग आहे. ती रेघ सरकवायची म्हणजे तिथला डेटा उचलून दुसरीकडे मांडावा लागतो. त्यात मध्येच लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी बसलेली असेल, तर फाइली ना इथल्या राहतात ना तिथल्या.

एका प्रेसवाल्यांचा पीसी माझ्याकडे आला होता. दिवाळी अंकाची पानं दोन दिवसांत द्यायची होती. आदल्याच दिवशी कुणीतरी पार्टिशन पाडून दिलं होतं. कॅबिनेट उघडून कान लावला तर डिस्क टक्, टक्, टक्, मग शांत, पुन्हा टक्, टक्. डिस्क आधीच मरणाला टेकलेली होती, त्या एका रात्रीच्या ताणाने गेली. अंकाची पानं त्यांनी पुन्हा लावली, पण अनेक वर्षांच्या गिऱ्हाइकांच्या फाइली परत मिळाल्या नाहीत. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून इतकं लिहितो आहे.

आधी बाहेरच्या डिस्कवर सगळं कॉपी करा. फॉन्ट आणि सॉफ्टवेअरचे सेटअपही घ्या, कारण त्या फॉन्टशिवाय तुमची जुनी मराठी पानं उघडली तरी वाचता येणार नाहीत. मग ती डिस्क दुसऱ्या पीसीला लावून दहा-बारा फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. नुसती नावं दिसणं म्हणजे बॅकअप नव्हे. त्यानंतर जुन्या डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवा. पिवळा किंवा लाल रंग आला तर त्या डिस्कला हातच लावू नका.

खरं तर तुम्ही पार्टिशन पाडूच नका. वेगळी एसएसडी घ्या, जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, एसएसडीवर विंडोज १० टाका आणि मग केबल परत जोडा. सुरू करताना बूट मेन्यूतून हवी ती डिस्क निवडायची. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, तेव्हा ७ वर काम करताना नेटची वायर काढलेली असू दे. डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी पीसीला लावायची लायसन्सची किल्ली) १० वर चालेल का, हे सॉफ्टवेअर कंपनीला आधी विचारा. हे सगळं याच आठवड्यात करा, सीझन संपायची वाट बघू नका.

दीड हजारात ‘विंडोज ११, लाइफटाइम ॲक्टिव्हेशन’ मिळते आहे. जुन्या पीसीवर टाकू का?

नको. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते २०१२ च्या मशीनमध्ये नसतं. तपासणी चुकवून टाकता येते, पण पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि असलं ‘लाइफटाइम’ बहुतेक वेळा क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवणारा चोरटा प्रोग्राम, असतं. तो चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, मग आत आणखी काय शिरलं ते तुम्हाला कळत नाही. त्याच पीसीवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करता! दोन विंडोज म्हणजे दोन लायसन्स, यात पळवाट नाही. घरगुती वापरासाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, त्यासाठी नोंदणी करा.

विंडोज ७ मध्ये डी वर सेव्ह केलेली फाइल १० मध्ये दिसत नाही.

१० मधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शट डाउन केलं तरी १० पूर्ण बंद होत नाही, ड्राइव्हची जुनी स्थिती लक्षात ठेवून झोपते. त्या दरम्यान ७ ने लिहिलेलं तिला माहीतच नसतं. फाइली गायब झाल्या असतील तर त्या ड्राइव्हवर नवीन काही लिहू नका, आधी डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा.

दोन विंडोजच्या मेन्यूवर दरवेळी ३० सेकंद थांबावं लागतं. कमी होईल का?

होईल. रनमध्ये एमएसकॉन्फिग, बूट टॅब, टाइमआउट १०. शेजारचं डिलीट बटण दाबू नका.