जर्मनीत येऊन चॅटबॉटची संभाषणं लिहायची असतील तर

ताई, तुम्ही अमळनेरच्या, मराठीत बी. ए. आणि सध्या पुण्यात एका बँकेच्या चॅटबॉटची उत्तरं लिहिता. चान्सनकार्ड, म्हणजे जर्मनीत येऊन नोकरी शोधायचा परवाना, काढून लगेच जर्मनीला यावं का, असं विचारलंय. मी धुळ्याचा, बर्लिनमध्ये हेच काम करतो. माझं स्पष्ट मत: एवढ्यात नको.

कोड लिहिणाऱ्यांचं इथे इंग्रजीवर भागतं. आपलं कामच भाषेचं. विम्याचा बॉट ग्राहकाला ‘झी’ (तुम्ही) म्हणेल की ‘डू’ (तू), चिडलेल्या माणसाशी किती मोजकं बोलेल, हे ठरवायला बी२, म्हणजे मधल्या पातळीच्या वरचं, जर्मनही तोकडं पडतं. जून २०२४ पासून मिळणाऱ्या या कार्डाला मात्र ए१, म्हणजे अगदी सुरुवातीचं, जर्मन किंवा बी२ इंग्रजी चालतं आणि तिथेच माणसं फसतात. मुदत एक वर्षाची, काम आठवड्याला २० तास, वर दरमहा हजार युरोंहून जास्त रक्कम आधीच दाखवायची. ते वर्ष भाषा शिकण्यात घालवू नका. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, तिथेच सी१, म्हणजे त्याहून वरची पातळी, गाठा. विद्यापीठ आणि पदवी दोन्ही ‘अनाबिन’ या परदेशी पदव्यांची नोंद ठेवणाऱ्या जर्मन संकेतस्थळावर तपासा. पदवीची नोंद नसेल तर ती तिथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची हे सांगणारं तुलनेचं प्रमाणपत्र मागवावं लागतं, त्याला वेळ लागतो.

दरम्यान कामाचा नमुना तयार करा. पिझ्झा मागवणारा बॉट नको, तो सगळेच करतात. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यासाठी करा. तो अहिराणीत विचारेल, “माल थोडा वल्ला शे, सीसीआयवाला लेतीन का?” (माल थोडा ओला आहे, सीसीआय म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ घेईल का?) बॉटने “समजलं नाही” म्हटलं की माणूस फोन ठेवतो. बॉटने आधी ओलावा मोजलाय का ते विचारावं, ओलावा १२ टक्क्यांहून जास्त असेल तर माल घेत नाहीत हे सांगावं, मोजला नसेल तर वाळवून आणायला सुचवावं. आजचा भाव हाताशी नसेल तर अंदाजाने आकडा मुळीच सांगू नये. २०२२ अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून वाक्यं एआय मॉडेल लिहितं. ते कुठे घसरतं हे शोधणं, त्याला सूचना देणं, शंभर तऱ्हांनी तपासणं हे आपल्याकडे आलं. म्हणून नमुन्यात गोड संवादांपेक्षा फसलेले संवाद आणि तुम्ही केलेली दुरुस्ती दाखवा. मुलाखतीत मी तरी तेच आधी बघतो. घरच्या दोन-चार जणांना बॉटशी बोलायला लावा. त्यांची वाक्यं आपल्याला टेबलावर बसून सुचत नाहीत.

नोकरी शोधताना ‘कॉन्व्हर्सेशन डिझायनर’ एवढ्यावर थांबू नका. ‘यूएक्स रायटर’, ‘कंटेंट डिझायनर’ याही नावांखाली हेच काम असतं. नमुना झाला की पाठवा, मी बारकाईने वाचून कळवेन.