आधी नाव दुरुस्त कर, पदक मागनं येईल

कसबा बावडा, कोल्हापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तू कापडदुकानाच्या पिशवीतून आजोबांची सगळी नोकरी माझ्या टेबलावर ओतलीस आणि म्हणालीस, "काका, आजोबांची दोन-तीन पदकं मिळालीच नाहीत. एक कडक अर्ज लिहून द्या." मी अर्ज लिहून दिला नाही. तू गप्प झालीस, पिशवी उचललीस आणि गेलीस. तुझा चेहरा माझ्या डोळ्यापुढून जाईना, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. अर्ज लिहायला मला दहा मिनिटं पुरली असती. पण तो परत आला असता, आणि अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला आणखी एक वर्ष वाट बघायला लावणं मला पटत नाही.

तुझ्या पिशवीत १९७१ च्या युद्धाचं संग्राम मेडल होतं. तू चहा घेत होतीस तेव्हा मी ते दिव्याखाली धरून बघितलं. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, ते घरच्यांना सहसा माहीत नसतं. तुमच्या घरी दर दिवाळीला ते चिंचेच्या कोळानं घासतात, असं तूच सांगितलंस. त्या घासण्यानं नावाची शेवटची तीन अक्षरं जवळजवळ गेली आहेत. इथून पुढं ते घासू नका. मऊ फडक्यानं पुसायचं, बस्स. ती कड हा पुरावा आहे. आणि त्या कडेवर जे नाव वाचता येतं, ते आजोबांच्या आधार कार्डावरचं नाव नाही. डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या नोकरीच्या पुस्तकात, तिसरंच आहे. सगळी गोम इथं आहे.

आपल्याकडं ज्ञानदेव नावाची किती माणसं आहेत बघ. ते नाव मराठी क्लार्क इंग्रजीत डी-एन-वाय असं लिहितो. उत्तरेकडचा क्लार्क ऐकतो 'ग्यान' आणि लिहितो जी-वाय. लक्ष्मणचं तेच, कृष्णाचं तेच. शिवाय आपल्या गावात एकच माणूस शाळेत पूर्ण नावानं, घरात 'ज्ञानू' आणि पलटणीत आडनावानं ओळखला जातो. कुठं वडिलांचं नाव मधे, कुठं आडनाव पुढं, कुठं आडनावच गायब. माणूस एक, पण कागदावर तीन झाले. पदक मंजूर होतं ते कागदावरच्या माणसाला. तू ज्याच्यासाठी मागतेस तो आणि ज्याच्या नावानं नोंद आहे तो एकच आहे, हे आधी सिद्ध झालं पाहिजे.

नंबरचंही तसंच. आजोबा शिपाई म्हणून भरती झाले आणि नायब सुभेदार होऊन बाहेर पडले. जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) झाल्यावर जवानाचा जुना नंबर बदलतो, नवा जेसी नंबर मिळतो. १९७१ चं सगळं काही जुन्या नंबरावर असणार आणि पेन्शनचे कागद नव्या नंबरावर. अर्जात दोन्ही नंबर लिहायचे. नंबराच्या शेवटी जे एक इंग्रजी अक्षर असतं तेसुद्धा सोडायचं नाही. लोकांना ते शोभेचं वाटतं, पण नंबर लिहिताना चूक झाली तर त्याच अक्षरावरून ती पकडता येते.

आता एक गोष्ट सांगतो. ही मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितली आहे. मी पलटणीत क्लार्क होतो, वय तेवीस-चोवीस. एक जवान लग्नाची रजा संपवून आला आणि लग्नाची नोंद करायला माझ्या खिडकीपाशी उभा राहिला. मी विचारलं, बायकोचं नाव? त्यानं सासरी ठेवलेलं नाव सांगितलं. आपल्याकडं लग्नात नाव बदलायची रीत, तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात. मी मराठी माणूस, ही रीत मला ठाऊक होती. तरी मी दुसरा प्रश्न विचारला नाही, कागद मागितला नाही. दुपारच्या जेवणाची घंटा झाली होती. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीतला नोंदीचा अधिकृत हुकूम, त्या नावानं निघाली, तीच नोंद पुढं सगळीकडं गेली. तो माणूस पेन्शनवर आला, गावी गेला, काही वर्षांनी वारला. त्या बाईचं रेशन कार्ड, बँक पासबुक, आधार, सगळं माहेरच्या नावानं. कुटुंब पेन्शनसाठी ती दीड वर्ष फिरली. मला कळलं तेव्हा मी तिच्या घरी गेलो. तिनं मला ओळखायचं कारणच नव्हतं. "साहेब, नवरा माझाच होता हो, एवढं लिहून द्या," म्हणाली. ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. निवृत्तीनंतर मी जवानांचे कागद मार्गी लावायचं हे काम धरलं, ते त्या दिवसापासून.

म्हणून तुला पहिलं काम सांगतो, आणि ते पदकाचं नाही. आजीचं नाव तपास. डिस्चार्ज बुकात काय आहे, पीपीओमध्ये (पेन्शनच्या आदेशात) काय आहे, 'स्पर्श' या पेन्शनच्या संकेतस्थळावर आजोबांच्या खात्यात काय दिसतं आणि आजीच्या आधारवर काय आहे. चारही एका कागदावर एकाखाली एक लिही. फरक असेल तर तो आजोबा हयात असताना, त्यांच्या सहीनं दुरुस्त होऊ दे. पदक सहा महिने उशिरा आलं तर चालेल, आजीची पेन्शन अडकून चालणार नाही.

जन्मतारखेबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथं लोक उलटा घोळ घालतात. आजोबांच्या काळात भरतीला येणाऱ्या पुष्कळ पोरांकडं शाळेचा दाखला नसायचा. अंदाजे वय लिहिलं जायचं. भरतीच्या वेळी लिहिलेली तारीख फौज बदलत नाही, त्या वाटेला जाऊ नकोस. आधारवरची तारीख वेगळी असेल तर फौजेच्या कागदावरून आधार दुरुस्त करून घे. याला घाई आहे, कारण ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३० टक्के. तारखेचा घोळ राहिला तर ती वाढ अडते.

आता पदकं. तू म्हणालीस दोन-तीन. अंदाजानं मागायचं नसतं. आजोबा १९६७ ला भरती झाले, १९८९ ला निवृत्त. १९७१ च्या युद्धकाळात नोकरीत होते म्हणून संग्राम मेडल, ते हातात आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली, त्या वेळी सेवेत असणाऱ्यांना पदक दिलं गेलं, ते त्यांचं येतं. नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं येतं आणि वीस वर्षांचंही येतं. काश्मीरला काढलेल्या काळासाठी सैन्य सेवा मेडल आणि त्यावरची पट्टी, ते किती काळ तिथं होते यावर. आणि सगळ्यात मोठं, ज्याच्यासाठी तुझा जीव तुटतो ते पूर्वी स्टार, १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांचं.

आजोबा आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरचं नाव घेतात. पहिली मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, आपली जंगी पलटण, १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरला लढली हे जगजाहीर आहे. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं आणि समोरच्या पाकिस्तानी कमांडरनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली, हा किस्सा आजोबांनी तुला सांगितला असेलच. तो खरा आहे. पण पलटण तिथं होती म्हणजे तिच्या यादीतला प्रत्येक माणूस तिथं होता असं होत नाही. कुणी रजेवर असतो, कुणी कोर्सवर, कुणी इस्पितळात, कुणी रिअर पार्टीत मागं सामानावर. कुणी दुसऱ्या युनिटकडं अटॅच असतो, आणि मग त्याचं नाव दोन्ही याद्यांतून सुटतं. आजोबांचं पूर्वी स्टार डिस्चार्ज बुकातल्या पदकांच्या पानावर का नाही, याचं उत्तर यातल्याच एखाद्या गोष्टीत असणार.

ते उत्तर आज फक्त आजोबांजवळ आहे. त्यांच्यापुढं वही घेऊन बस. "तुम्हाला कुठली पदकं मिळाली?" असं विचारू नकोस. या प्रश्नावर म्हातारा जवान गप्प तरी बसतो नाहीतर सगळ्या युद्धाचा हिशेब सांगायला लागतो. लहान लहान विचार. थंडी होती का? पायात काय होतं? लंगर कुठं लागायचा? कंपनी कुठली, प्लाटून कमांडर कोण, शेजारी कोण झोपायचा, नदी कशी ओलांडली, पहिलं पत्र घरी कुठून टाकलं? युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. त्या चौदा दिवसांतला एकेक दिवस त्यांच्याकडून काढून घे. एका बैठकीत होणार नाही. सकाळची वेळ बरी, जेवणानंतर नको. ते थांबले तर तूही थांब, कढ येऊ दे. शेजारी झोपणाऱ्याचं नाव मिळालं आणि तो गडी किंवा त्याचं घर सैनिक टाकळीत, गडहिंग्लजात, चंदगडात कुठं सापडलं, तर त्याच्याकडचा एखादा फोटो, एखादं जुनं आंतरदेशीय पत्र आपल्याला दहा अर्जांपेक्षा उपयोगी पडेल.

आणि एक मनाची तयारी ठेव. ते त्या दिवसांत तिथं नव्हते असं निघालं, तर पूर्वी स्टार मागायचं नाही. ते स्वतः तुला खरं सांगतील, माझी खात्री आहे. रिअर पार्टीतल्या माणसानंही पलटण चालवलेली असते, आणि संग्राम मेडल त्याच्याही छातीवर तेवढ्याच मानानं बसतं.

अर्ज आपण दोघं मिळून लिहू, आणि तो कडक नसेल. रेकॉर्ड ऑफिसातला क्लार्क तुझा शत्रू नाही. त्याच्यापुढं पन्नास वर्षांचे गठ्ठे आहेत आणि आजोबा त्याच्यासाठी एक नंबर आहेत. त्याला गठ्ठ्यातला नेमका कागद सापडेल एवढंच आपल्या पत्रात हवं. एका पत्रात एकच मागणी. पहिल्या पत्रात फक्त विचारायचं, की या नंबराच्या जवानाला कुठली पदकं मंजूर आहेत, ती कुठल्या पार्ट टू ऑर्डरनं, आणि त्यातली कुठली दिली गेली. उत्तर आलं की दुसऱ्या पत्रात नावाची दुरुस्ती, सोबत प्रतिज्ञापत्र. ती झाली की तिसऱ्या पत्रात न मिळालेली पदकं. एखादं पदक मिळून हरवलं असेल तर तसं स्वच्छ लिहायचं, 'मिळालंच नाही' म्हणायचं नाही. त्याचा अर्ज वेगळा असतो. पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जाऊ दे आणि एक प्रत थेट बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टानं. पावती वहीत चिकटव.

महिन्या-दोन महिन्यांत काहीच हललं नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अर्ज आजोबांच्या सहीनं जाऊ दे, स्वतःची माहिती स्वतः मागितली की प्रश्न उरत नाही. फौजेच्या ट्रायब्युनलचं, म्हणजे कोर्टाचं, आत्ता डोक्यात आणू नकोस.

तू म्हणालीस, दुकानात सगळी पदकं तयार मिळतात, तीच आणून २६ जानेवारीला लावू. मिळतात हे खरं आहे. सरकारकडून पदकं यायला इतकी वर्षं लागायची, की नोकरीतले जवानसुद्धा दुकानातून घेऊन लावायचे. त्यात मी पाप मानत नाही, मात्र ज्याची मंजुरी कागदावर आहे तेवढंच लावायचं. आजोबांना मी चार-पाच वेळा भेटलो आहे. कडेवर आपलं नाव नसलेलं पदक ते छातीवर लावून घेणार नाहीत.

नशीब एक, की ते पेन्शनर आहेत. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्या जवानांचे बाकीचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची कायमची नोंदवही, तेवढी राहते. तुझ्या गावात असं कुणी असेल तर त्याला आजच सांग, उद्यावर टाकू नकोस.

बेळगावला जायची वेळ आली तर मी येईन. सकाळच्या एसटीनं निघालो की कागल, निपाणी, संकेश्वर करत दहाच्या आत पोचतो. आजोबांना प्रवास झेपत असेल तर त्यांनाही घेऊ. रेजिमेंटल सेंटरच्या फाटकावर त्यांना उभं राहू दे, मग ते सांगतील ते तू नुसतं ऐक.

येत्या रविवारी दहा वाजता ये. डिस्चार्ज बुक त्या पिशवीतून काढ, पुठ्ठ्याच्या फाइलीत ठेव, घडीवर चिकटपट्टी लावू नकोस, कागद पिवळा पडून फाटतो. प्रत्येक पानाचा फोटो काढ, कोरी पानंसुद्धा. आजीचं रेशन कार्ड आण. आणि आजोबांना विचारून ये, की जमालपूरच्या रात्री त्यांच्या शेजारी कोण होतं.

तुझा,
सुभेदार काका

ता. क. – तू विसरलेला पदकाचा डबा माझ्याकडं आहे. कपाटात ठेवलाय, काळजी करू नकोस.