जलनेती सुरू केल्यावर नाकातला स्प्रे किती महिन्यांनी बंद करता येतो?

धुळीच्या अ‍ॅलर्जीसाठी आणि सायनससाठी रोज जलनेती केली, म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुतले, तर डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा स्प्रे किती महिन्यांनी सोडता येईल, असे आपण विचारले आहे. आपल्या प्रश्नातले ‘किती महिन्यांनी’ हे शब्द मला खटकले, कारण ‘नेती केली की औषध सुटते’ याच समजुतीपायी मी जवळजवळ एक वर्ष वाया घालवले आहे. ही समजूत माझी नव्हती, माझ्या थोरल्या भावाची होती.

दादा कित्येक वर्षे नेती करतो आणि त्याला सर्दीसुद्धा क्वचितच होते. त्याला मुळात अ‍ॅलर्जीच नाही, ही गोष्ट मात्र तो हिशेबात धरत नाही. मला तेव्हा उठल्याबरोबर वीस-पंचवीस शिंका येत, गालांची हाडे ठणकत आणि वास जवळजवळ गेला होता. डॉक्टरांनी स्प्रे दिला, दादाने नेतीचे भांडे दिले आणि मी दोन्ही सुरू केले. सकाळी उठताच स्प्रे मारायचा आणि दात घासून झाले की नेती करायची, असा माझा क्रम होता. सहा-सात आठवड्यांनीही म्हणावा तसा फरक पडला नाही, तेव्हा दादा म्हणाला, “बघ, औषधाचा काही उपयोग नाही, जो थोडा आराम आहे तो नेतीमुळेच आहे.” मला ते पटले आणि मी स्प्रे बंद केला. पुढचे कित्येक महिने मी फक्त पाण्यावर काढले. धुतल्यावर दोन-तीन तास नाक मोकळे राहायचे आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी पुन्हा दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: “आधी काय करत होता, स्प्रे की नेती?” मी दररोज औषध मारून ते पाण्याने धुऊन टाकत होतो. क्रम उलटा केला, म्हणजे आधी नेती, मग नाक पूर्ण निथळू देऊन दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे, आणि तीन आठवड्यांत मला वास येऊ लागला. औषध निरुपयोगी असल्याचा जो पुरावा दादा वर्षभर देत होता, तो त्यानेच दिलेल्या भांड्यातून तयार झाला होता!

यामागचे कारण सरळ आहे. मिठाच्या पाण्याने नाकातली धूळ, परागकण आणि घट्ट शेंबूड वाहून जातो, आतल्या सूक्ष्म केसांना उरलेला शेंबूड पुढे ढकलणे सोपे जाते आणि नंतर मारलेले औषध शेंबडावर न बसता थेट अस्तरावर बसते. अस्तराची सूज मात्र औषधानेच उतरते आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. स्प्रे कधी कमी करायचा, हे नाक तपासणाऱ्यानेच ठरवावे. त्याला महिन्यांचा ठरावीक आकडा नसतो.

दादाचा दुसरा हट्ट पाण्याचा होता. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे ना, मग नाकाला का चालू नये, असे तो विचारायचा. चालत नाही. नेग्लेरिया फाऊलेरी नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, परंतु नाकातून तो वासाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा असाच मृत्यू झाला होता. असे फार क्वचित घडते हे खरे, पण टाळण्यासाठी पाणी एक मिनिट खळखळून उकळणे आणि कोमट होऊ देणे एवढेच करायचे असते, त्यामुळे त्यावर वाद घालणे मला आळशीपणाचे वाटते. मिठाचाही अंदाज नको: अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सुमारे पाऊण चमचा. नुसते पाणी नाकाला झोंबते, ते मीठ नसल्यामुळे; दादा म्हणतो तसे ‘आतले विष निघत असल्यामुळे’ नव्हे.

एक सांगायचे राहिले. नाक पूर्ण चोंदलेले असताना, कान दुखत असताना किंवा कानाची अथवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेती करू नये. नेतीनंतर नाक जोरात शिंकरू नये. मी एकदा दोन्ही नाकपुड्या दाबून शिंकरलो आणि पाणी कानाकडे गेल्याने आठवडाभर एका कानाने नीट ऐकू येत नव्हते. तेव्हाही दादाचे म्हणणे होते की मी मान पुरेशी वाकवली नव्हती. मान मी वाकवली होती.