इमर्जन्सी फुकट आहे म्हणून सरळ तिकडंच जायचं का? (ब्रॅम्प्टनला निघालेल्या तासगावच्या दादांसाठी)

दादा, तुम्ही विचारलंय की मार्चमध्ये पीआरवर (म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर) कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला निघालोय, बरोबर मिसेस आणि तीन वर्षांची मुलगी, आणि तिथला मित्र म्हणतोय "काय पण झालं की सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, फुकट असतंय". हे खरं का, आणि लोक साध्या सर्दीतापाला पण तिथं जाऊन का बसतात, असं तुमचं म्हणणं. मी माहेरची मिरजेची, सासर सांगलीत विश्रामबागला, ऑगस्ट २०२२ पासून ऑन्टारिओत, म्हणजे ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात येतं तिथंच. तुमच्या मित्राचं फुकटचं म्हणणं खरं आहे, पण फुकट आहे म्हणून लोक जातात हे मला काही पटत नाही. तिथं सात सात तास खुर्चीवर बसायची हौस कुणाला नसते ओ. रात्री नऊनंतर तेवढं एकच दार उघडं असतं म्हणून जातात.

आधी आपल्याकडची सवय किती खोल आहे ते बघा. मिरजेत मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, त्याच्या आजूबाजूला दवाखान्यांचं गावच वसलंय, पार कर्नाटकातनं पेशंट येतात. आपल्याला कान दुखला की कानाचा डॉक्टर, हाड दुखलं की हाडाचा डॉक्टर, कुणाची चिठ्ठी लागत नाही, कुणाला विचारायचं नाही, संध्याकाळी सातला जाऊन बसायचं, कंपाउंडर नंबर देतो, समोरच्याच बोळात एक्स-रे, शेजारी रक्त तपासणी, साडेनऊला घरी येऊन भाकरी खायची. आणि दवाखाना बंद असला तरी मेडिकलवाला ओळखीचा असतोच, दोन गोळ्या सकाळ-संध्याकाळ म्हणून देतो. इथं यातलं काहीच नाही. स्पेशालिस्टकडं जायला फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी, एक्स-रेला चिठ्ठी, अँटिबायोटिकला चिठ्ठी. आणि फॅमिली डॉक्टरच मिळत नाही, ऑन्टारिओची लोकसंख्या दीड कोटीच्या वर, त्यात वीस लाखांच्या आसपास लोकांना फॅमिली डॉक्टर नाही. म्हणजे सगळ्या कुलपांची एकच किल्ली आणि तीच हरवलेली, असं समजा.

आमचं काय झालं ते सांगते. पहिलाच हिवाळा, नोव्हेंबर २०२२. त्या वर्षी फ्लू, आरएसव्ही (लहान मुलांच्या छातीत जाणारा एक व्हायरस) आणि कोविड तिन्ही एकदम आलं होतं, लहान मुलांचे वॉर्ड सगळीकडं भरलेले आणि त्यात अख्ख्या कॅनडात मुलांच्या तापाचं सिरप मिळेना, टायलेनॉल नाही की ॲडव्हिल नाही, दुकानात गेलं की नुसता रिकामा रॅक. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, रात्री आठला ताप १०३. सासूबाई व्हिडिओ कॉलवर, "पोरगं तापलंय आन् तुम्ही फोन धरून काय बसलाय, जावा की डाक्टरकडं!" आता त्यांना काय सांगू, वॉक-इन क्लिनिक (अपॉइंटमेंट नसताना जाता येतं ते) सहालाच बंद झालं होतं. गेलो इमर्जन्सीत. (तेव्हा आम्ही दुसऱ्या गावात राहायचो, हॉस्पिटलचं नाव घेत नाही.)

नर्सनं ताप, नाडी, ऑक्सिजन बघितलं, दोन-चार प्रश्न विचारले, हातात पट्टा बांधला आणि बसा म्हणाली. मला वाटलं आपल्यासारखा नंबर असेल, आमच्या पुढं आठजण आहेत. तसं नसतं. याला ट्रायाज म्हणतात, पाच पातळ्या असतात, एक म्हणजे जीव चाललाय, पाच म्हणजे थांबलं तरी चालतंय. कागदावर पाचव्या पातळीला पण दोन तासात डॉक्टरनं बघावं असं धोरण आहे, प्रत्यक्षात रात्रीचे दोन तास कुठं संपतात कळत नाही. आपल्या नंतर आलेला छातीत दुखणारा माणूस आत जातो आणि तो गेलाच पाहिजे, पण पोर मांडीवर तापलेलं असताना ते डोक्याला कळतं, मनाला कळत नाही. आमचा नंबर पहाटे साडेतीनला लागला. डॉक्टरनं पाच मिनिटं बघितलं, कान घसा छाती सगळं, म्हणाले व्हायरल आहे, पाणी पाजत राहा. नर्सनं तिथलंच सिरप पाजलं. इंजेक्शन नाही, सलाईन नाही, अँटिबायोटिक नाही. यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, "एवढ्यासाठी सात तास?" बिल शून्य, पार्किंगचे तेवढे वीसेक डॉलर गेले.

पण त्या सात तासात माझं एक शिक्षण झालं. शेजारी एक पंजाबी काका, ट्रक चालवायचे, बीपीच्या गोळ्या संपलेल्या, त्यांचे डॉक्टर रिटायर झालेले आणि नवीन कुणी घेईना. पलीकडं एक पोरगा वेअरहाऊसमधला, पोट बिघडलेलं, खरं तर घरी झोपला असता तर बरा झाला असता पण सुपरवायझरला डॉक्टरचा कागद पाहिजे होता. एक बाई गालावर हात धरून, दाढ ठणकत होती. आता दाताचं सरकारी आरोग्य कार्डात बसत नाही, डेंटिस्टचे पैसे आपले आपण, आणि इमर्जन्सीत कुणी दाढ काढत नाही, दुखायची गोळी देऊन परत पाठवतात. म्हणजे तिथं बसलेल्यांपैकी येडं कुणीच नव्हतं. दिवसा क्लिनिकला जायचं तर पगार कापला जातो, रात्री क्लिनिक नाही. आणि आईबापाला छातीत घरघर वाजली की ते साधं आहे की न्यूमोनिया आहे हे घरबसल्या कसं कळणार, ते डॉक्टरनं बघितल्यावरच कळतं ना. नंतर "साधंच होतं" म्हणणं सोपं असतं.

दुसरी एक गंमत, हसू पण येतं आणि राग पण. आम्हाला शेवटी फॅमिली डॉक्टर मिळाले तेव्हा एक फॉर्म सही करून घेतला आणि बजावलं की बाहेरच्या वॉक-इनला जाऊ नका, सरकार आमचे पैसे कापतं. इमर्जन्सीत गेलात तर मात्र कापले जात नव्हते! आता तुम्हीच सांगा, मंगळवारी रात्री पोरगं कण्हतंय आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची, माणूस कुठं जाईल?

आणि गर्दी सर्दीतापवाल्यांमुळं होते असं इथले पण पुष्कळ लोक म्हणतात, ते बरोबर नाही. इमर्जन्सीतले डॉक्टरच सांगतात की साध्या पेशंटला पाच-दहा मिनिटं लागतात, बेड पण लागत नाही. खरी अडचण आत असते. ज्यांना ॲडमिट करायचं ठरलंय त्यांना वर वॉर्डात बेड नाही म्हणून ते खालीच स्ट्रेचरवर, कॉरिडॉरमध्ये, आणि वरचे बेड का रिकामे नाहीत तर बऱ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसांना नर्सिंग होममध्ये (इथं म्हाताऱ्यांना सांभाळायच्या जागेला तसं म्हणतात) जागा नाही. खालनं तुंबत वर जात नाही, वरनं तुंबत खाली येतंय. ब्रॅम्प्टनचं तर विचारूच नका, साडेसहा लाखांच्या वर वस्ती, पूर्ण इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल एक, २०२० च्या जानेवारीत तिथल्या नगरपालिकेनं हेल्थ इमर्जन्सी जाहीर केली होती, आणि ते कोविडच्या आधी बरं का.

आता तुमच्या कामाचं. पीआरवर येताय तर उतरल्या उतरल्या सर्व्हिस ऑन्टारिओ या सरकारी ऑफिसात जाऊन ओहिपचं, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड करा, आधी तीन महिने थांबावं लागायचं ते २०२० मध्ये काढून टाकलंय. तरी प्रवासाचा दिवस धरून थोड्या दिवसांचा खाजगी इन्शुरन्स घ्या, कार्ड नसताना इमर्जन्सीचं बिल शेकड्यांत, ॲडमिट झालं तर हजारांत जातं. त्याच आठवड्यात हेल्थ केअर कनेक्ट या सरकारी यादीत फॅमिली डॉक्टरसाठी नाव नोंदवा आणि ते करून गप्प बसू नका, आजूबाजूच्या क्लिनिकात फोन करकरून विचारा, कुणीतरी नवीन डॉक्टर आलेला असतो.

मुलीला रात्री काय झालं तर आधी ८११ फिरवा, चोवीस तास नर्स असते, फुकट, दुभाषा पण देतात. घरी थांबा की आत्ता जा हे ती सांगते, आणि निम्म्या वेळा आपल्याला तेवढंच पाहिजे असतं ओ, कुणीतरी जाणत्या माणसानं "घाबरू नका" म्हणणं. दुसरं म्हणजे इथला फार्मासिस्ट. जानेवारी २०२३ पासून १३ किरकोळ दुखण्यांना तो स्वतः औषध लिहून देतो, त्याच वर्षी ऑक्टोबरात ते १९ केले. डोळे येणं, बायकांची लघवीची जळजळ, किडा चावणं, पित्त, लंगोटाचं पुरळ, जंत असलं सगळं त्यात येतंय, कार्ड दाखवलं की तपासायचे पैसे नाहीत, औषधाचे मात्र आपले. लोकांना माहितीच नसतं. ब्रॅम्प्टनमध्ये पील मेमोरियल हॉस्पिटलला अर्जंट केअर आहे, म्हणजे तातडीचं पण जीवावरचं नाही अशांसाठी; टाके, मुरगळणं, एक्स-रे यासाठी ते बरं, वेळ आधी फोन करून बघा. कंपनीत कागद मागितला तर सांगा, ऑक्टोबर २०२४ पासून वर्षातल्या तीन कायदेशीर आजारी रजांना डॉक्टरचा कागद मागता येत नाही.

निघायच्या आधी मिरजेत तिघांचे दात दाखवून घ्या, जे भरायचं काढायचं ते तिथंच उरका. चष्मा पण. रोजची औषधं ९० दिवसांची आणता येतात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट आणि मूळ पाकिटात. मुलीच्या लसींचं कार्ड इंग्रजीत करून घ्या, शाळेत लागतं. पॅरासिटामॉलच्या सिरपच्या दोन बाटल्या बॅगेत टाका, इथं त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात म्हणून घाबरू नका, औषध तेच. डोस वजनावर असतो, बाटलीतली ताकद वेगवेगळी असते, तेवढं वाचून द्या. आईवडिलांना सुपर व्हिसावर (आईवडिलांना जास्त दिवस राहायला येता येतं तो व्हिसा) आणणार असाल तर किमान एक लाख डॉलरचा इन्शुरन्स लागतोच, त्यात जुनं बीपी-शुगर धरलंय का ते नीट बघा, त्यांना इथली इमर्जन्सी फुकट नाही.

आणि हे सगळं वाचून उलटं करू नका. छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं किंवा हात अचानक लुळा पडणं, डोक्याला मार लागून उलट्या, न थांबणारं रक्त, पोर गळून गेलंय आणि लघवीच होईना, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ च्या वर ताप, यात ८११ पण नाही आणि मला मेसेज पण नाही. यातलं जीवावरचं काही असेल तर ९११ हा ॲम्ब्युलन्सचा नंबर लावा, बाकीच्याला सरळ गाडी काढून इमर्जन्सी. ॲम्ब्युलन्सचे कार्डवाल्याला ४५ डॉलर पडतात, तो विचार त्या वेळी करायचा नाही.

ब्रॅम्प्टनमध्ये नक्की कुठं घर बघितलंय ते कळवा, त्या भागात माझी एक मैत्रीण आहे, इस्लामपूरची, रात्री उशिरापर्यंत कुठलं वॉक-इन चालू असतं ते तिला विचारून सांगते.