‘आमच्या बाजूने ओके’ हीच खरी अडचण

तुम्ही लिहिलंय की मागितलं ते सगळे देतात, मेलला त्याच दिवशी उत्तर येतं, भांडण नाही, तरी प्रोजेक्ट रखडतो आणि साहेब म्हणतात, ‘तुमच्यात टीमवर्क नाही.’ मागितलं ते देणं हे झालं सहकार्य, टीमवर्क म्हणजे मिळून काम करणं, आणि दोन्हींत फरक आहे. तुमचं वाचून मला माझेच चाकणच्या गाडी कारखान्यातले दिवस आठवले. मी वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या जुडग्याच्या, डिझाइनला होते. माझं म्हणणं तेवढ्याच अनुभवावरचं आहे, एचआरवाले टीमवर्कची वेगळी व्याख्या सांगतील. संवाद ठेवा वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल, ते सोडते.

बॉडीवाल्यांनी, म्हणजे गाडीचा सांगाडा डिझाइन करणाऱ्यांनी, वायर जिथे अडकवतात तो एक ब्रॅकेट ३५ मिमी सरकवला. रीतसर मेल, सोबत नवीन ड्रॉइंग. मी विचारलं, हार्नेसला काही फरक? उत्तर आलं, ‘आमच्या बाजूने ओके.’ मी लिहिलं, ‘नोटेड, थँक्स.’ माझी घोडचूक हीच. त्यांना हार्नेसमधलं कळत नव्हतं, मला ब्रॅकेटमधलं. दोघांनी एकमेकांना उत्तम सहकार्य केलं आणि वायर मात्र आखूडच राहिली. पूजेत पळीभर पाणी सोडून ‘मम’ म्हणावं, तसा माझा सहभाग. दोन्ही मॉडेल एकत्र उघडली असती तर दहा मिनिटांत दिसलं असतं.

ट्रायलच्या गाड्यांत कनेक्टर मधूनच संपर्क सोडायला लागला. कधी दिवा लागायचा, कधी नाही. कारण सापडायला तीन आठवडे गेले, तेही लाइनवरच्या फिटरमुळे. तो म्हणाला, “मॅडम, पहिल्या गाडीपासून ताणूनच बसवतोय. आम्हाला कुणी विचारलं नाही.”

पुढे दुरुस्तीची चेंज नोट, म्हणजे डिझाइन बदलाच्या मंजुरीचा फॉर्म, अडकली एका विभागात, नाव घेत नाही. एक रकाना रिकामा म्हणून नोट परत. भरला, तर सही जुन्या फॉरमॅटवर म्हणून परत. अकरा दिवस! त्यांचंही चूक नव्हतं म्हणे, त्यांचा केआरए, म्हणजे ज्यावर वर्षाचे मार्क मिळतात ते उद्दिष्ट, ‘अपूर्ण फॉर्म शून्य’ असा होता. गाडी उभी राहिली तरी त्यांचे मार्क पूर्ण. म्हणून माझं ठाम मत आहे की प्रत्येक विभागाचं मूल्यमापन वेगळं ठेवून वर टीमवर्कची भाषणं देऊ नयेत.

मोठ्यांचंही असंच होतं. एअरबसच्या ए-३८० विमानात ५०० किलोमीटरच्या वर वायरिंग आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे लोक कॅटिया या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर, फ्रान्समधल्या तुलूझचे पाचव्या. तुलूझला जोडणी करताना वायरी आखूड पडल्या आणि २००६ मध्ये विमानांच्या तारखा पुन्हा पुन्हा पुढे गेल्या. ड्रॉइंग इकडून तिकडे जात होतीच, दोघांसमोर एकच चालू मॉडेल नव्हतं. हे वाचून मला जरा बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

आता सगळीकडेच मिळून काम करायचा अट्टहास नको हं. पगाराची स्लिप, गेटपास, लॅपटॉपची दुरुस्ती यांना साधं सहकार्य पुरे. तिथे सहा जणांची मीटिंग लावणं हा छळ आहे. जिथे एकाच्या बदलाने दुसऱ्याचं काम बिघडू शकतं तिथेच एकत्र बसा. टोयोटाने पहिल्या प्रियस गाडीच्या वेळी सगळ्या विभागांना एका मोठ्या खोलीत आणलं, त्याला ते ओबेया म्हणतात. आम्हाला खोली कुठली मिळायला! आम्ही फॉर्मबोर्डशेजारी, म्हणजे ज्या फळीवर हार्नेस मांडून बांधतात तिच्याशेजारी, एक टेबल टाकलं. दर बुधवारी बॉडीवाला, मी आणि तो फिटर तिथे उभे. खुर्च्या मुद्दाम ठेवल्या नाहीत.

जाता जाता, सीसीमध्ये चौदा जण असतील तर तो मेल कुणीच वाचत नाही, असं धरून चाला. आणि ‘ओके’ आलं की फोन उचलून विचारा, “काय काय तपासलंत?” पहिल्यांदा लोक चिडतात.

तुमच्याकडे एखादा बदल ‘पूर्ण झाला’ असं शेवटी कोण ठरवतं, ते लिहाल का? बदल करणारा की तो सोसणारा? त्याप्रमाणे पुढचं सांगते.