परवडेल का आणि मिळेल का?

किराण्याचे वाढते बिल आणि उद्या बाजारात धान्यच आले नाही तर काय ही धास्ती, या कारणाने समुपदेशकाकडे येणारी माणसे सहसा ते कारण सांगत नाहीत. झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात क्षुल्लक गोष्टीवरून वाद होतात, अशा तक्रारींनी बोलणे सुरू होते आणि पुष्कळ वेळाने, काहीशा संकोचाने, खरी गोष्ट बाहेर येते. कारण महागाई तर सगळ्यांनाच आहे, त्यासाठी कुणाकडे काय जायचे, असे त्यांनी स्वतःला आधीच बजावलेले असते. हा संकोच मला अनाठायी वाटतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना अन्नअसुरक्षितता मोजण्यासाठी जी ८ प्रश्नांची प्रश्नावली वापरते, तिच्यातला पहिलाच प्रश्न काळजीचा आहे: पैशांअभावी पुरेसे अन्न मिळणार नाही अशी चिंता तुम्हाला वाटली का? जेवण कमी करणे, एखाद्या वेळचे जेवण टाळणे, दिवसभर उपाशी राहणे हे प्रश्न त्यानंतर येतात. ताटातला घास कमी होण्याआधी मनावर जो भार येतो, तोही या दुखण्याचाच भाग आहे.

पुढील हकिकत एकाहून अधिक व्यक्तींच्या अनुभवांतून गुंफली आहे आणि कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशी ओलांडलेल्या एक बाई झोपेची तक्रार घेऊन आल्या होत्या. घरात यजमान, नऊ वर्षांची मुलगी आणि वयस्कर सासरे. मिळकत दोघांची, पण बऱ्याच काळात न वाढलेली. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक पानावर वस्तूंची नावे, डाव्या बाजूला निळ्या शाईत जुना भाव, उजव्या बाजूला लाल शाईत नवा भाव, आणि दोहोंमधला फरक खाली दोनदा अधोरेखित केलेला. काही ओळींवर लाल शाई इतकी गिरवली होती की कागद फाटायला आला होता. “मॅडम, हे भाव कुठे जाऊन थांबणार? आणि उद्या दुकानात मालच आला नाही तर मी लेकीच्या पुढ्यात काय वाढू?” असे त्यांनी एका दमात विचारले.

एका दमात विचारलेले हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, आणि ते वेगळे करणे हेच या प्रकारच्या चिंतेतले पहिले काम असते, असे माझे ठाम मत आहे. ‘परवडेल का’ हा पैशांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कडू असले तरी कागदावर मांडता येते. ‘मिळेल का’ हा भविष्याचा प्रश्न आहे; त्याचे खात्रीचे उत्तर कुणाजवळच नसते. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतले की माणूस पहिल्याची आकडेमोड करत नाही, कारण दुसऱ्याची भीती मध्ये येते. आणि दुसऱ्यावर उपाय म्हणून जी जादा खरेदी करतो, तिने पहिला प्रश्न आणखी बिकट होतो. या बाईंच्या घरात नेमके हेच घडत होते.

त्यांची वही मी बारकाईने पाहिली तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. ज्या वस्तूंचे भाव वाढले तेवढ्यांचीच नोंद तिच्यात होती. ज्यांचे भाव स्थिर राहिले किंवा उतरले त्या वस्तू वहीत नव्हत्याच. शिवाय महिन्याची एकूण बेरीज एकाही पानावर नव्हती. यात त्यांचा दोष मुळीच नाही. जी वस्तू आपण वारंवार विकत घेतो तिची दरवाढ आपल्या अधिक लक्षात राहते. शिवाय नुकसान मनाला लाभापेक्षा जास्त बोचते, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तापासून मानसशास्त्रात सर्वमान्य झाले आहे. वही प्रामाणिक होती, पण ती जमाखर्च सांगत नव्हती. ती भीतीचा हिशेब ठेवत होती.

त्यांच्या मनाला आणखी एक गोष्ट खात होती. महागाईचा दर कमी झाल्याच्या बातम्या येत होत्या, आणि दुकानात मात्र त्याचा काहीच मागमूस दिसत नव्हता. आपल्याला कुणीतरी फसवत आहे, असे त्यांना वाटू लागले होते. त्यांना मी कागदावर साधे गणित करून दाखवले. शंभराची वस्तू एका वर्षी १० टक्क्यांनी वाढली की ११० ची होते. पुढच्या वर्षी दर ४ टक्क्यांवर आला की ती ११४.४० ची होते. दर निम्म्याहून खाली आला, तरी भाव चढलाच. वाढीचा वेग मंदावणे आणि भाव उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजल्यावर त्यांचा चेहरा थोडा सैल झाला, कारण त्यांचा अनुभव खोटा नव्हता हे त्यांना प्रथमच कुणीतरी मान्य करत होते. ‘एवढे काय, होईल सगळे नीट,’ अशी यजमानांची समजूत त्यांना धीर देण्याऐवजी एकटे पाडत होती. भाववाढ ज्याच्या खिशाला जाणवते आहे त्याला ती नाही असे सांगू नये. तसे सांगितले की पुढचे कुठलेच बोलणे तो माणूस ऐकत नाही.

पुढच्या भेटीला दोघेही आले. भाव नव्हे, तर महिन्याचा एकूण किराणा खर्च लिहून आणायला मी सांगितले होते, आणि घरात शिल्लक असलेल्या मालाची यादीही. बेरीज पाहून यजमान गप्प झाले. खर्च खरोखरच वाढला होता आणि त्याचा मोठा भाग भाववाढीचा होता. परंतु जवळजवळ तितकाच भाग साठ्यात गेला होता. कपाटाच्या मागच्या फळ्यांवर एकाच वस्तूच्या चार चार पिशव्या होत्या, त्यांतल्या काहींना कीड लागली होती आणि काहींची मुदत केव्हाच उलटली होती. टंचाईच्या भीतीने आणलेले अन्न कचऱ्यात चालले होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला ६० टक्के वाटा घराघरांतला होता. त्यामुळे वाढत्या भावांपुढे हतबल वाटणाऱ्या कुटुंबाला मी काटकसर सांगण्याआधी कपाट रिकामे करून पाहायला सांगते. पोटाला चिमटा न काढता वाचणारे पैसे बहुधा तिथेच सापडतात.

साठा का होत होता, हे त्यांनी स्वतःच उलगडून सांगितले. टंचाईची बातमी वाचली की छातीत धडधड सुरू होई. खरेदी करून पिशव्या कपाटात लावल्या की हायसे वाटे. आणि रात्री झोपताना ‘एवढे पुरेल का’ हा विचार पुन्हा उभा राही. चिंतेच्या विकारांत ही साखळी आम्हाला नेहमी दिसते. भीती उतरवणारी कृती तात्पुरता दिलासा देते, आणि संकट टळले ते त्या कृतीमुळेच, असे मनाला शिकवून ठेवते, त्यामुळे पुढच्या वेळी तीच कृती अधिक मोठ्या प्रमाणात करावीशी वाटते. पुष्कळ माणसे एकाच वेळी असे वागली की फळ्या खरोखर रिकाम्या होतात. १९७३ च्या तेलसंकटात जपानमधील ओसाका परिसरात टॉयलेट पेपर संपणार अशी वदंता पसरली, लोकांची झुंबड उडाली आणि दुकाने ओस पडली. कारखान्यांतले उत्पादन मात्र घटलेले नव्हते.

याचा अर्थ घरात काहीच साठवू नये असा नाही, आणि साठवणाऱ्या माणसाला हावरट ठरवणे तर मला अजिबात मान्य नाही. बेताचा साठा हा शहाणपणा आहे. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात नागरिकांनी किमान ७२ तास स्वतःच्या बळावर निभावून नेण्याची तयारी ठेवावी, असे सुचवले आहे. प्रश्न इतकाच की साठ्याला मर्यादा हवी, ती मन शांत असताना ठरलेली हवी, आणि बातमी ऐकून ती बदलता कामा नये. या कुटुंबाने दोन आठवड्यांची मर्यादा ठरवली. जुने आधी वापरायचे, वापरले तेवढेच भरायचे, आणि यादी दोघांनी मिळून करायची. मर्यादा किती दिवसांची, याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नव्हते. ती दोघांची होती, याला होते.

‘मिळेल का’ या प्रश्नाला मी खात्रीचे उत्तर दिले नाही, कारण तसे देणे खोटेपणाचे झाले असते. तरीही काही माहिती आधार देते. अन्न व कृषी संघटनेचा जागतिक बाजारातील खाद्यवस्तूंच्या भावांचा निर्देशांक मार्च २०२२ मध्ये तोपर्यंतच्या सर्वोच्च पातळीला पोहोचला आणि पुढच्या सुमारे दोन वर्षांत त्यात चौथ्या हिश्शाहून अधिक घट झाली. युद्ध, इंधन, खते, हवामान आणि निर्यातीवरील निर्बंध यांनी घाऊक भाव चढतात, तसे ते उतरतातही. किरकोळ भाव तितके उतरत नाहीत, कारण त्यांत वाहतूक, मजुरी, वीज, वेष्टन आणि भाडे हे सगळे धरलेले असते. भाव चढे राहणे आणि अन्नच नसणे यांत मोठे अंतर आहे, एवढे या माहितीतून हाती लागते.

रात्री मोबाइलवर भाव आणि टंचाईच्या बातम्या शोधत राहण्याची सवय सोडवण्यासाठी आम्ही एक जुना, साधा उपाय वापरला. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दिवसातला अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवतात. एरवी विचार आला की त्याची नोंद करून तो त्या वेळेवर ढकलायचा. विचार दाबायचा नाही, त्याला वेळ द्यायची. बाईंनी संध्याकाळची वेळ निवडली, झोपण्याच्या बरीच आधीची. सुरुवातीला तो अर्धा तास अपुरा पडे. नंतर त्याच त्या चार ओळी पुन्हा पुन्हा लिहिल्या जात आहेत, हे त्यांच्याच लक्षात आले.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले, तिच्याकडे येते. वजन किती आहे असे सहज विचारल्यावर त्या चटकन म्हणाल्या, “मला हल्ली भूकच नसते.” घर चालवणाऱ्या बाईच्या तोंडी हे वाक्य आले की मी तिथे थांबते. थोडे खोदून विचारल्यावर कळले की सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते त्या खात होत्या, आणि रात्री पुष्कळदा काहीच उरत नव्हते. हे घरात कुणालाच माहीत नव्हते. त्यांना मी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झालेल्या प्रयोगाबद्दल सांगितले. तिथे ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अपुरा आहार देण्यात आला. ते चिडचिडे आणि उदास झाले, इतर गोष्टींतले त्यांचे लक्ष उडाले, आणि त्यांच्या मनात सतत अन्नाचेच विचार घोळू लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. अर्धपोटी शरीर मनाला अन्नावरून हलू देत नाही. बाईंच्या अखंड काळजीतला काही भाग भावांमुळे होता, आणि काही भाग त्या पुरेसे जेवत नसल्यामुळे. हे ऐकल्यावर यजमानांचे डोळे भरून आले.

याच ओघात लेकीचा विषय निघाला. ती हल्ली दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी “आई, हे महाग आहे का?” असे विचारू लागली होती. मोठ्यांनी मुलांपुढे पैशांचे बोलणे टाळले तरी मुले ताटांकडे पाहत असतात. तिला काय सांगायचे, हे आम्ही तिघांनी शब्दशः ठरवले: भाव वाढले आहेत, म्हणून काही गोष्टी आपण कमी आणतो, पण पोटभर जेवायला या घरात कुणालाही आडकाठी नाही. हे वाक्य खरे ठरायचे असेल तर ते आईच्या ताटालाही लागू व्हायला हवे, हे वेगळे सांगावे लागले नाही.

सगळ्याच घरांत बेरजेतून पैसे निघत नाहीत. मिळकत आणि पोटापुरता खर्च यांची तोंडमिळवणीच होत नसेल, तर मन शांत ठेवण्याचे उपाय शिकवत बसणे हा त्या माणसावर अन्याय आहे. अशा वेळी सरकारी अन्नसाहाय्य, शाळेतले जेवण, सामुदायिक स्वयंपाकघरे, देणी लांबवून घेण्याची बोलणी हे विषय मी आधी घेते, आणि मदत मागण्याच्या लाजेवर सर्वांत जास्त वेळ देते, कारण अर्ज भरण्यापेक्षा ती लाज ओलांडणे कठीण असते. वजन सतत घटत असेल, चक्कर येत असेल किंवा घरात गर्भवती, स्तनदा माता अथवा मधुमेहाचा रुग्ण जेवण टाळत असेल, तर समुपदेशनाआधी डॉक्टरांकडे जावे.

या बाईंच्या घरी भाव काही उतरलेले नाहीत. वहीत आता प्रत्येक पानाखाली बेरीज असते आणि स्थिर राहिलेल्या भावांचीही नोंद असते. एक आड एक आठवडा यजमान बाजारात जातात, त्यामुळे दरवाढ त्यांनाही स्वतःच्या हाताने मोजावी लागते. पीक बुडाल्याची बातमी आली तेव्हा बाईंनी ठरलेल्या मर्यादेपलीकडे खरेदी केली, पण ती लपवली नाही, दोघांनी मिळून ती पुढच्या यादीतून वळती केली. झोप बरीचशी परतली आहे. स्वतःचे ताट सगळ्यांबरोबर वाढून घेणे मात्र त्यांना अजून जड जाते, आणि सध्या आमचे काम त्यावरच चालू आहे.